काडीपैलवानाचा हिशेब

‘सर, माझं वय २३, उंची पाच फूट सात इंच. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. जेवण मेसचं. शाळेपासून सगळे मला काडीपैलवान म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी जिम लावली तेव्हा वजन ५६ किलो होतं, आज ६१ आहे. आठवड्यातले चार दिवस चुकवत नाही. सुरुवातीला बेंच प्रेसला रिकामा रॉडसुद्धा डगमगायचा, आता ४५ किलोचे आठ रेप्स निघतात. पुल-अप एकही येत नव्हती, आता सहा येतात. पण आरशात काहीच दिसत नाही. ॲडमिशनच्या वेळी ट्रेनर म्हणाला होता, तीन महिन्यांत दहा किलो. आता म्हणतो, तू हार्डगेनर आहेस, सहज अंग न धरणारा, इंजेक्शनांचा ‘कोर्स’ केल्याशिवाय तुझी बॉडी उठणार नाही. माझा रूममेट माझ्यानंतर जिमला आला आणि तीन महिन्यांत नऊ किलो वाढला. तो इंजेक्शन घेतो. त्याच्या पाठीवर पुटकुळ्या उठल्यात, चिडचिडही फार करतो, पण दिसतो भारी. वैशाखात दादाचं लग्न आहे. माझ्यातच काही कमी आहे का? औषधाशिवाय माणूस नक्की किती वाढतो? खरं सांगा, खोटा धीर नको.’

– एक काडीपैलवान, पुणे

मित्रा,

खोटा धीर नको म्हणालास ते बरं झालं. मग धीर-बीर बाजूला ठेवू आणि किराणा दुकानदारासारखा हिशेब मांडू.

आठ महिन्यांत पाच किलो. हे पाचही किलो स्नायू नाहीत. त्यात थोडी चरबी आहे, थोडं पाणी आहे. नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायू साखरेचा साठा वाढवून ठेवतात आणि त्या साखरेसोबत पाणीही धरतात. हे सगळं वजा केलं, हात आखडता घेऊन मोजलं, तरी साडेतीन किलो तुझ्या अंगावर खरोखर चढले असावेत. आठ महिने म्हणजे दोनशे चाळीस दिवस. भागाकार कर. दिवसाला पंधरा ग्रॅम, म्हणजे लिंबाची एक फोड. त्यातही स्नायू म्हणजे चारात तीन भाग पाणीच. प्रथिनं जेमतेम तीन ग्रॅम, एका अंड्यात असतात त्याच्या निम्मी. आता ही फोड वाटायची कुणाकुणाला? दोन मांड्या, दोन पोटऱ्या, ढुंगण, पाठ, छाती, खांदे, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर शेवटी दंड. दंडाच्या वाट्याला चिमूटभर येणार. आणि तू रोज सकाळी दात घासताना आरशात ती कालची चिमूट शोधतोस.

दिवाळीला घरी गेला असशील तेव्हा कुणीतरी ‘पोरगं अंग धरायला लागलंय’ म्हटलं असेल, आणि तू ते मायेपोटीचं बोलणं म्हणून सोडून दिलं असशील. त्यांनी तुला चार-पाच महिन्यांनी पाहिलं होतं. तू स्वतःला रोज पाहतोस. या बाबतीत माझा घरच्यांवर जास्त विश्वास आहे.

आता ट्रेनरच्या आश्वासनाचा भागाकार करू. तीन महिन्यांत दहा किलो म्हणजे दिवसाला एकशे दहा ग्रॅम. एवढा स्नायू रोज बांधणारं शरीर मी तरी पाहिलेलं नाही. चरबी मात्र या वेगाने चढते. रोज साडेआठशे-नऊशे कॅलरी जास्तीच्या खाल्ल्या की झालं. ‘मास गेनर’ म्हणून जे तीन-तीन किलोचे डबे विकतात त्यांतल्या बहुतेकांत निम्म्याहून जास्त माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे पचायला सोपी पिठूळ साखर. त्या डब्यांवर वजन नक्की वाढतं, पोटाच्या बाजूने. तीन महिन्यांचाच आकडा कुठून आला म्हणशील, तर पॅकेज तीन महिन्यांचं असतं म्हणून. पाच वर्षांचं पॅकेज कोण घेणार?

तालमींच्या बाबतीत मी जरा हळवा आहे, तेव्हा एक आठवण ऐकून घे. मी कराडकडचा. कॉलेजात असताना गावच्या तालमीत जायला लागलो तेव्हा माझीही अंगकाठी तुझ्यासारखीच, सदरा दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. आमच्या तालमीत आरसा नव्हता. मारुतीची तसबीर, कोपऱ्यात दोन गदा, मधे लाल मातीचा हौद. जोर किती निघाले, बैठका किती निघाल्या आणि हौदात कुणाला किती वेळ धरून ठेवलं, एवढीच मोजमापं. मला घाई होती. घरी म्हैस होती. मी खुराक वाढवला: दोन वेळचं मिळून दोन लिटर दूध, वर बदाम-खसखशीची थंडाई, रात्री तूप. चार महिन्यांत आठ किलो! गावात छाती काढून फिरायला लागलो. एका संध्याकाळी वस्तादांनी सगळ्यांसमोर माझ्या पोटाचा चिमटा धरला आणि विचारलं, ‘हे तुझं, का म्हशीचं?’

माझ्या दंडाचा घेर साडेअकरा इंचांवरून साडेतेरावर जायला पुढे तीन वर्षं लागली. दोन इंच, तीन वर्षं. वहीत आहे लिहिलेलं.

तर औषधाशिवाय माणूस किती वाढतो? व्यायाम शिकवणारे जे ठोकताळे धरतात ते साधारण असे आहेत. नीट व्यायाम, पुरेसं जेवण आणि झोप असेल तर पुरुषाच्या अंगावर पहिल्या वर्षी पाच ते आठ किलो स्नायू चढतो. बारीक हाडाच्या मुलाला चार-पाच मिळाले तरी उत्तम. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मा. तिसऱ्या वर्षी निम्म्याचा निम्मा. पुढे वर्षाला एखादा किलो, आणि दहा वर्षं मुरलेला माणूस वर्षभर घाम गाळून पाव किलो मिळवतो आणि त्यावर खूश असतो. हा काही कायदा नाही, मागेपुढे होतं. पण आठ महिन्यांत साडेतीन किलो म्हणजे तू या रांगेत बरोबर जागेवर उभा आहेस. मेसच्या जेवणावर, अभ्यासाच्या ताणात, आणि दहा किलोच्या थापा ऐकत. उलट मी म्हणेन, बरा निघालास.

‘हार्डगेनर’ हा शब्द मला आवडत नाही, पण त्यामागे थोडं सत्य आहे ते लपवत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८५ स्त्री-पुरुषांकडून बारा आठवडे फक्त एकाच हाताच्या दंडाचा व्यायाम करून घेतला. व्यायाम सगळ्यांना सारखाच. शेवटी एमआरआयवर मोजलं तेव्हा काहींचा स्नायू तसूभरही वाढला नव्हता, आणि काहींचा जवळपास साठ टक्क्यांनी वाढला होता. बाकीचे मधे कुठेतरी. म्हणजे बियाण्यात फरक असतोच. पण त्याच अभ्यासात आकार न वाढलेल्यांचीही ताकद वाढलेली असू शकते, हे दिसलं. तुझी तर दोन्ही वाढली आहेत. रिकाम्या रॉडवरून पंचेचाळीस किलोवर गेलास, पुल-अप शून्यावरून सहा. पहिल्या दोन महिन्यांतली वाढ बरीचशी मज्जातंतूंची असते. आहेत ते धागे एकसाथ कामाला लावायला मेंदू शिकतो. पण आठव्या महिन्यातही आकडे चढतच असतील तर ती नुसती शिकवणी उरलेली नाही, माल येतोय. आणि पाच किलो जास्तीचं अंग घेऊन सहा पुल-अप काढतोस हे विसरू नकोस. वाढलेलं सगळं तूप असतं तर बारवर लोंबकळत राहिला असतास.

आता छत कुठे आहे ते बघू, कारण खरा प्रश्न तुझा तोच आहे.

१९९५ साली अमेरिकेत दीडशेच्या वर व्यायामपटूंचा अभ्यास झाला, स्टेरॉइड (म्हणजे तुझ्या ट्रेनरचा ‘कोर्स’) घेणारे आणि न घेणारे. संशोधकांनी एक साधं गणित वापरलं: वजनातून चरबी वजा करायची, उरलेल्या किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, आणि उंचीसाठी किंचित दुरुस्ती करायची. न घेणाऱ्यांचा आकडा २५ च्या आसपास येऊन थांबत होता; घेणारे सहज त्याच्या पुढे जात होते. त्याच संशोधकांनी १९३९ ते १९५९ या काळातल्या ‘मिस्टर अमेरिका’ विजेत्यांचाही अंदाज काढला. गोळ्यांचं युग खऱ्या अर्थाने सुरू झालं ते १९५८ मध्ये डायनाबॉल ही स्टेरॉइडची गोळी बाजारात आल्यावर, म्हणजे हे बहुतेक त्याआधीचे गडी. त्यांची सरासरी २५.४. एका अख्ख्या देशातले सर्वांत घडलेले पुरुष, सगळं आयुष्य त्यालाच दिलेलं, आणि आकडा एवढाच. २५ ही काही देवाने आखलेली रेघ नाही, एखादा जन्मजात पैलवान ती ओलांडतोही. पण तुझ्या-माझ्यासारख्यांनी तिला डोंगराचं टोक समजावं.

तुझा आकडा काढू, उंचीची ती किंचित दुरुस्ती सोडून. उंची १.७० मीटर, वर्ग २.८९. सुरुवातीला ५६ किलोत अठरा टक्के चरबी धरली तर उरतात ४६ किलो. आकडा १६ च्या थोडा खाली. आज चरबीचं प्रमाण तेवढंच धरलं तर उरतात ५० किलो. आकडा १७ च्या थोडा वर. पुढची चार-पाच वर्षं तू हे असंच चालू ठेवलंस तर २० ते २१ पर्यंत जाशील असं मी आत्ता लिहून देतो. म्हणजे अंगावर ६८ ते ७० किलो वजन, पोट सपाट, खांदे सदऱ्यात भरलेले. रस्त्यावर लोक वळून बघतील असं नाही, पण काडीपैलवान म्हणायला कुणी धजणार नाही. २५ च्या टोकाला तुझ्या उंचीवर ऐंशी किलो लागतील, तेही पोटावरच्या रेघा दिसत असताना. मोबाइलवर तू ज्यांना बघतोस ते पाच फूट सातचे नव्वद-पंच्याण्णव किलोचे, कापलेले, ‘नॅचरल’ म्हणवणारे लोक कुठल्या बाजूला बसतात ते आता तूच मोज.

चरबी अठरा टक्के कशी काय धरली, मी तर काडी आहे, असं मनात आलं असेल. त्याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दोघंही दिसायला सडपातळ! आपल्याकडची माणसं हडकुळी दिसत असली तरी आतून लोण्याची असतात, स्नायू कमी आणि चरबी जास्त, आणि याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हे याज्ञिकांनी वर्षानुवर्षं दाखवलंय. तेव्हा तुझी सुरुवातच जरा मागच्या रेघेवरून झाली. यात तुझा दोष नाही. उलट आपल्यासारख्यांनी वजन उचलण्याची गरज गोऱ्यांपेक्षा जास्त, कारण मधुमेह आपल्याकडे लवकर दार ठोठावतो. पण तेविशीत हे कुणाला ऐकायचं नसतं, सोडून देतो.

आता रूममेट. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग छापून आला. ४३ पुरुष, दहा आठवडे. काहींना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, काहींना नुसतं खोटं इंजेक्शन. दोन्हींतले निम्मे व्यायाम करणारे, निम्मे न करणारे. खोटं इंजेक्शन घेऊन इमानेइतबारे व्यायाम करणाऱ्यांच्या अंगावर चरबी सोडून जवळपास दोन किलो चढलं. खरं इंजेक्शन घेऊन नुसतं बसून राहिलेल्यांवर चढलं तीन किलोंच्या वर. इंजेक्शन आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांवर सहा. परत वाच. खुर्चीत बसलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. तुझी आणि रूममेटची तुलना का होऊ शकत नाही ते यात आलं. त्याने मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही दोघं एकाच शर्यतीत पळत नाही आहात; तू सायकलवर आहेस आणि तो बुलेटवर, आणि पेट्रोलचं बिल अजून यायचंय.

ते बिल काय असतं? बाहेरून हार्मोन येतंय म्हटल्यावर मेंदू स्वतःचा कारखाना बंद करतो. वृषणं आकसतात, शुक्रजंतू घटतात, काहींचे जवळपास शून्यावर येतात. बंद केल्यावर कारखाना पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात, काहींना वर्षं, आणि त्या काळात माणूस इतका मरगळतो की पुन्हा सुईकडे वळतो. चांगलं कोलेस्टेरॉल खाली, रक्तदाब वर, हृदयाची भिंत जाड. तोंडाने घ्यायच्या गोळ्या यकृताला घोर लावतात. छातीला बायकांसारख्या गाठी येतात त्या वेगळ्याच. आणि जे चढलं त्यातलं पाणी तर सुई थांबली की महिन्याभरात उतरतं. शिवाय कुपीत काय आहे हे ट्रेनरलाही ठाऊक नसतं. काळ्या बाजाराच्या मालावर छापलेलं आणि आतलं यांचा संबंध असेलच असं नाही.

एक नाव मुद्दाम सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या जिममधून ते फिरतं आणि पोलिसांनी त्याचे साठे पकडलेही आहेत: मेफेन्टरमीन. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसाचा रक्तदाब एकदम उतरला तर भूलतज्ज्ञ ते देतात. त्याने स्नायूचा एक धागाही वाढत नाही. हृदय पळायला लागतं, थकवा कळेनासा होतो, आणि पोराला वाटतं अंगात वारं शिरलं. ‘सेटच्या आधी एक छोटंसं’ असं कुणी म्हणालं तर बॅग उचल आणि जिन्याने खाली ये, उरलेली फी गेली खड्ड्यात.

जेवणाकडे येतो, कारण तुझी खरी गळती तिथे आहे. सकाळी चहा-पोहे, दुपारी चार पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी, मूदभर भात, रात्री तेच. मेसची आमटी कशी असते मला माहीत आहे. डाळ शोधायला पाणबुड्या सोडावा लागतो. या सगळ्यात मिळून पन्नासेक ग्रॅम प्रथिनं होतात. वाढीसाठी वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम हवीत असं आजवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते. तुला रोज सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव ग्रॅम. म्हणजे निम्मा पगार आणि त्यातच घर बांधायला काढलंयस! चार अंडी घे, चोवीस ग्रॅम. अर्धा लिटर दूध, सोळा. दोन मुठी भाजलेले शेंगदाणे, पन्नासेक ग्रॅमचे, त्यात बारा. झाली की तोंडमिळवणी. दिवसाचे सत्तर-ऐंशी रुपये जातील. खोलीत शेगडी चालत नसेल. अंडी इलेक्ट्रिक किटलीत उकडायची कला तुम्हा मुलांना मी शिकवायला नको. मालकांना अंडी चालत नसतील तर संध्याकाळी भुर्जीच्या गाडीवर उकडलेली मिळतात, किंवा तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून मेसवाल्या मावशींना भाजीत टाकायची विनंती कर, पंधरा ग्रॅम त्यातच निघतात. एवढं सगळं वाढवलंस की एखादी पोळी कमी जाईल. जाऊ दे. वजन महिन्याला किलोच्या आतबाहेर वाढावं, त्याहून भराभर वाढलं तर वस्तादांचा चिमटा आठव.

व्हे पावडर म्हणजे दुधाचंच निवळ, सोय म्हणून ठीक, जादू म्हणून फुकट. क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना जोर लावायला मदत करणारी पूड, मात्र घ्यायला हरकत नाही. रोज तीन ते पाच ग्रॅम, साधं मोनोहायड्रेट, कधीही. पहिल्या महिन्यात त्याने वजन एखाद्या किलोने वाढेल ते स्नायूंत शिरलेलं पाणी असेल, हुरळून जाऊ नकोस. किडनीचा काही जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

व्यायामाचं फार सांगत नाही, कारण तुझे आकडेच सांगतायत की तो बरा चाललाय. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यातून दोनदा हात लागू दे, आठवड्याचे दहाएक कसदार सेट पडू देत, आणि पाय टाळत असशील तर टाळू नकोस. पत्रात बेंच आणि पुल-अप आहेत, स्क्वॉटचा उल्लेख नाही. मी शंकेखोर माणूस आहे.

झोपेवर मात्र भांडणार आहे. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसून, टपरीवर तिसरा चहा मारून, सकाळी सहाला जिमला जाणारी मुलं मी पाहतो. एका प्रयोगात माणसांना कमी जेवणावर ठेवून एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी कमी गेली आणि मांस जास्त. तुझं उतरवायचं नाही, चढवायचं आहे, पण दिशा तीच. परीक्षेच्या तोंडावर झोप पाच तासांवर येणार असेल तर त्या पंधरवड्यात जिमचे चार दिवस दोनावर आण आणि झोप. स्नायू दोन आठवड्यांत पळून जात नाहीत. गेले तरी एकदा चढलेले परत चढायला पहिल्यापेक्षा खूप कमी वेळ लागतो.

आणि आरशाला सुट्टी दे. दोनशे पानी वही घे. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता टेप लाव: दंड, छाती, मांडी, आणि बेंबीवर पोट. टेप तोच, जागा तीच. वजन आठवड्यातून तीनदा करून सरासरी लिही, कारण आदल्या रात्री मिसळ-पाव हाणलास तर मिठाने धरलेल्या पाण्याचा एक किलो काट्यावर दिसतो आणि परवा जातो. जिममधल्या मशीनवर उभं राहून जे चरबीचे टक्के छापून मिळतात तेही पाणी प्यायल्या-न प्यायल्याने हलतात, त्यांच्यावर रडू नकोस. फोटो तीन महिन्यांनी एक, त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी. घेर वाढतोय, पोट जागेवर आहे आणि रॉडवर चकत्या वाढतायत, हे तीन जुळले की बाकी कुणी काय म्हणतं ते ऐकायचं कारण नाही. तिन्ही दोन-अडीच महिने ठप्प असतील तेव्हा मला परत पत्र लिही.

खाशाबा जाधवांचं नाव ऐकलं असशीलच. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा वय २२, तुझ्याहून एक वर्षाने लहान, आणि ५२ किलोच्या गटात सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात कांस्य जिंकलं. चार वर्षांत एक वजनगट वर. कुस्तीत वजन आवरून धरायचं असतं, त्यामुळे तुझी नि त्यांची तुलना जुळत नाही हे मलाही कळतं. पण जिमच्या पहिल्या दिवशी तुझं वजन ५६ होतं आणि त्या गटाची मर्यादा ५७ होती, हे मला तुझं पत्र वाचताना सारखं आठवत होतं.

लग्नाचं. वैशाखाला साधारण चार महिने आहेत. जेवणाची गळती आज बुजवलीस तर दीड-दोन किलो स्नायू आणि दंडावर अर्धा इंच, एवढं होईल. फोटोत दंड दिसणारच नाहीत, अंगात शेरवानी असेल. दिसतात खांदे आणि पाठ. तेव्हा चार महिने डोक्यावर वजन ढकलणं, पुल-अप आणि रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) यांना आधी जागा दे, बायसेप्सचे लाड नंतर. आणि टेलरकडे माप आत्ता देऊन मोकळा होऊ नकोस, लग्नाच्या तीन आठवडे आधी दे.

शेवटचं तुझ्याबद्दल नाही. पाठीवरच्या पुटकुळ्या, चिडचिड, तीन महिन्यांत नऊ किलो: तुझ्या रूममेटची मला तुझ्याहून जास्त काळजी वाटते. त्याला उपदेश करू नकोस, तो ऐकणार नाही, आणि सध्या तो आरशात तुझ्यापेक्षा भारी दिसतोय. फक्त त्याचा रक्तदाब मोजून घे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पाच मिनिटांचं काम आहे, दोघांनी मिळून मोजा म्हणजे त्याला लाज वाटणार नाही. वरचा आकडा १४० च्या पुढे दिसला, छातीत धडधड होत असेल किंवा पायऱ्या चढताना दम लागत असेल, तर त्याला त्याच दिवशी एमडी डॉक्टरांकडे ने. कुपीचा आणि खोक्याचा मोबाइलवर फोटो काढून सोबत ठेव आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका म्हणून सांग. ते पोलीस नाहीत. थांबवायचं ठरलं तर ते त्यांच्याच देखरेखीखाली, मनाने नाही. मधले काही महिने तो उदास राहील, जिमला जावंसं वाटणार नाही, अंगावरचं उतरताना दिसेल. तेव्हा सकाळी त्याला उठवून सोबत न्यायला खोलीत दुसरं कुणी नसेल, तूच असशील.